रॅटलर्सची विजेतेपदं पाच की सात?

मध्यरेषा:
फिनिक्सचा अ‍ॅरिझोना रॅटलर्स हा इनडोअर अमेरिकन फुटबॉलमधला जुना आणि मातब्बर संघ. १९९२ मध्ये तो अरीना फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एएफएलमध्ये आला. ऑक्टोबर २०१६ मध्ये ती लीग सोडून इनडोअर फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे आयएफएलमध्ये गेला. त्याच्या नावापुढे आता सर्रास ‘सात विजेतेपदं’ असं लिहिलं जातं. त्यातली पाच एएफएलची (१९९४, १९९७, २०१२, २०१३, २०१४) आणि दोन आयएफएलची (२०१७, २०२४). ही बेरीज मला मान्य नाही. हे दोन वेगळ्या खेळांचे आकडे आहेत.

फरक जाळीचा आहे. एएफएलचं मैदान ५० यार्ड लांब, ८५ फूट रुंद, दोन्ही टोकांना ८ यार्डांचे एंड झोन (चेंडू तिथे नेला की टचडाउन, म्हणजे सगळ्यात मोठे गुण). सगळं मिळून आइस हॉकीच्या रिंकएवढं. प्रत्येक संघाचे आठ खेळाडू मैदानात. गोलपोस्ट जेमतेम ९ फूट रुंद आणि आडवी दांडी १५ फुटांवर. एनएफएलमध्ये, म्हणजे मोठ्या मैदानावरच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, हेच माप साडेअठरा आणि १० फूट असतं. या गोलपोस्टच्या दोन्ही अंगांना ३० फूट रुंद, ३२ फूट उंच जाळी ताणलेली, तिची खालची कड जमिनीपासून ८ फुटांवर. जाळीवर आपटून परत आलेला चेंडू जिवंत. पास जाळीला लागून जमिनीवर पडायच्या आत झेलला तर तोही ग्राह्य. त्यात पंटला (चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्याकडे सोपवण्याला) बंदी. चौथ्या डाउनला, म्हणजे चढाईच्या शेवटच्या प्रयत्नाला, एक तर पुढे खेळा, नाहीतर चेंडू गोलपोस्टमधून मारून फील्ड गोल करा. गोल हुकला की चेंडू जाळीवरून उसळतो आणि समोरचा तो घेऊन पळत सुटतो.

त्यामुळे किक परतवणाऱ्याला कोन वाचता यावा लागतो. जाळीच्या वरच्या भागात लागलेला चेंडू वेग हरवून जवळच गळतो, सपाट आणि जोरात लागलेला लांब उसळतो. रिटर्नर जाळीच्या फार जवळ उभा असला तर चेंडू डोक्यावरून पुढे निघून जातो. फार लांब असला तर तो पाठीमागे एंड झोनमध्ये पडतो, आणि किक मारणाऱ्या संघाने त्यावर झडप घातली की थेट टचडाउन. हे कसब आयएफएलमध्ये लागतच नाही, कारण तिथे जाळीच नाही. मग विजेतेपदं एका रांगेत कशी मांडायची?

सागरगोटा:
जाळीचं वर्णन अचूक आहे, निष्कर्ष पटत नाही. आयएफएलमध्ये जाळी नाही, याचं मूळ कायद्यात आहे. अरीना फुटबॉल ही जिम फॉस्टर यांची कल्पना. १९८१ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना बघताना त्यांनी एका पाकिटावर तिचा आराखडा काढला. पहिला मोसम १९८७ चा, चार संघांचा. १९९० मध्ये त्यांना या खेळाचं पेटंट मिळालं आणि ते २००७ पर्यंत चाललं. त्या काळात निघालेल्या बाकीच्या इनडोअर लीगना जाळी टाळणं भाग होतं. आयएफएल २००९ मध्ये सुरू झाली ती अशाच दोन लीगच्या विलीनीकरणातून.

आणि ‘एएफएल म्हणजे एकच खेळ’ हे तरी कुठे खरं आहे? २००६ पर्यंत तिथे आयर्नमॅन पद्धत होती. क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा, पास फेकणारा), किकर आणि काही मोजके स्पेशालिस्ट सोडले तर प्रत्येकाने चढाईतही खेळायचं आणि बचावातही. रॅटलर्सचा हंकी कूपर चढाईत पास झेलणारा रिसीव्हरही होता आणि बचावातला लाइनबॅकरही. २००७ पासून मुक्त बदली आली आणि तो प्रकार संपला. १९९७ चं विजेतेपद आयर्नमॅन पद्धतीतलं, २०१२ चं नाही. जाळीमुळे रेघ मारणार असाल तर २००७ लाही मारा. मग पाचही उरत नाहीत, दोन आणि तीन होतात.

मध्यरेषा:
@सागरगोटा, नियमातला बदल आणि लीग बदलणं यांत फरक आहे. आयर्नमॅन गेला तेव्हा सगळे संघ एकाच दिवशी बदलले, करंडक तोच राहिला. पेटंट २००७ मध्ये संपलं म्हणता, तर त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झालेल्या आयएफएलला जाळी लावायला आडकाठी कोणाची होती? त्यांनी मुद्दाम लावली नाही. उलट आज तिथे किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करणारी किक, थेट गोलपोस्टमधून गेला तर दोन गुण मिळतात. खेळ वेगळ्या दिशेने गेला आहे.

दुसरं म्हणजे दर्जा. २०१२ मध्ये एएफएलचे १७ संघ होते, २०१३ आणि २०१४ मध्ये १४. त्यात सलग तीन वेळा जिंकणं १९८८ ते १९९० च्या डेट्रॉइट ड्राइव्हनंतर कोणालाही जमलं नव्हतं. तेही २०११ च्या अंतिम सामन्यात घरच्या मैदानावर, अगदी शेवटच्या खेळीवरच्या टचडाउनने जॅक्सनव्हिलकडून ७३–७० असं हरल्यानंतर. २०१४ मध्ये तर क्लीव्हलँडला ७२–३२ असं धुतलं. क्वार्टरबॅक निक डाव्हिला त्या काळात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरत होता. आयएफएलमध्ये सामन्यामागचं मानधन बरंच कमी, त्यामुळे या तोडीचे खेळाडू तिथे टिकवणं अवघड.

उत्तररात्र:
दर्जा काढलाच आहे तर २०१६ नंतरची एएफएलही बघू या. २०१६ मध्ये आठ संघ. तो मोसम संपताच लॉस एंजेलिस आणि पोर्टलंड बंद पडले, ऑरलँडो थांबला, जॅक्सनव्हिल दुसऱ्या लीगमध्ये गेला. रॅटलर्सही गेल्यावर २०१७ मध्ये उरले बाल्टिमोर, क्लीव्हलँड, फिलाडेल्फिया, टँपा बे आणि वॉशिंग्टन. नकाशा उघडा: मिसिसिपीच्या पश्चिमेला एकही नाही. फिनिक्सला प्रत्येक बाहेरच्या सामन्यासाठी अख्खा देश ओलांडून संघ, साहित्य, हॉटेल असा खर्च करावा लागला असता, आणि त्याच पाचांपैकी कोणाला तरी पुन्हा पुन्हा घरी बोलवावं लागलं असतं. प्रेक्षक तिकीट का काढतील? आयएफएलमध्ये सॉल्ट लेक सिटी होतं, कोलोरॅडो होतं.

२०१८ मध्ये तर एएफएलचे चारच संघ उरले आणि चारही प्लेऑफमध्ये. वॉशिंग्टन व्हॅलरने साखळीत दोन सामने जिंकले, दहा हरले, आणि तरी अंतिम सामन्यात बाल्टिमोरला ६९–५५ हरवून करंडक नेला. करंडकावरचं नाव हाच निकष असेल तर व्हॅलरचं ते विजेतेपद रॅटलर्सच्या २०१७ पेक्षा वजनदार मानावं लागेल. रॅटलर्सनी त्या वर्षी सू फॉल्स स्टॉर्मला त्यांच्याच घरात ५०–४१ हरवलं, आणि स्टॉर्म त्याआधी सलग सहा वर्षं विजेते होते.

आयएफएल सोपी असती तर २०१९ मध्ये साखळीतले चौदाच्या चौदा सामने जिंकलेले रॅटलर्स घरच्या मैदानावर त्याच स्टॉर्मकडून ५६–५३ हरले नसते.

पायरी_तिसरी:
२०१८ च्या व्हॅलरचा मुद्दा बिनतोड आहे.

एक पुस्ती. एएफएल स्वतःच दोनदा मेली. डिसेंबर २००८ मध्ये तिने पुढचा मोसम रद्द केला, २००९ मध्ये दिवाळखोरी. २०१० मध्ये उभी राहिली ती जुन्या लीगची मालमत्ता ६१ लाख डॉलरला विकत घेणारी नवी संस्था. म्हणजे १९९७ आणि २०१२ च्या मध्ये मालकी तुटलेली आहेच. नंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये पुन्हा दिवाळखोरी. जुनी देणी होतीच, त्यात विमा कंपनीचा काही दशलक्ष डॉलरचा दावा. या धंद्यात विमा फार महाग पडतो. मैदानाच्या कडेला सीमारेषेऐवजी फोमच्या गाद्या लावलेला कठडा असतो, रिसीव्हर पूर्ण वेगात त्यावर आदळतो, आणि प्रत्येक दुखापतीची जबाबदारी मालकावर.

मध्यरेषा:
@उत्तररात्र, लीग बदलणं व्यवहार म्हणून चूक होतं असं मी कुठेच म्हटलेलं नाही. न बदलते तर संघ बुडाला असता हे मान्य. प्रश्न नोंदीचा आहे. आणि व्हॅलरचं विजेतेपद फुसकं होतं म्हणून आयएफएलचा करंडक अरीना बोल, म्हणजे एएफएलचं विजेतेपद, होत नाही.

सागरगोटा:
मग क्लीव्हलँड ब्राउन्सचं काय करायचं? १९४६ ते १९४९ सलग चार वर्षं ते एएएफसी या लीगचे विजेते होते. लीग बंद पडली, १९५० मध्ये एनएफएलमध्ये आले आणि पहिल्याच वर्षी जिंकले, रॅटलर्सनी २०१७ मध्ये केलं तसंच. ब्राउन्सच्या इतिहासात एएएफसीची चार आणि एनएफएलची चार अशी आठ मोजतात. संघाचा इतिहास संघाचा असतो, लीगचा नव्हे.

मध्यरेषा:
ब्राउन्सचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. एएएफसीतही अकरा खेळाडू, शंभर यार्डांचं मैदान आणि तोच पंट. रविवारी एका लीगमध्ये खेळलेला माणूस पुढच्या रविवारी दुसरीत तसाच खेळू शकत होता. इथे किक परतवणाऱ्याला उभं कुठे राहायचं हेही नव्याने शिकावं लागतं. एएफएलमध्ये ‘जॅक’ लाइनबॅकरला क्वार्टरबॅकवर धावून जायला मनाई होती, ठरवून दिलेल्या चौकटीतच त्याने थांबायचं. त्या बंधनामुळेच पासचा पाऊस पडायचा आणि ७३–७० सारखे निकाल लागायचे. आयएफएलमध्ये धावण्याला जास्त वाव, क्वार्टरबॅक स्वतः चेंडू घेऊन पळतो. डाव्हिलाच्या टचडाउन पासांचे आकडे आयएफएलमधल्या क्वार्टरबॅकच्या आकड्यांशेजारी ठेवले तर दोघांवरही अन्याय होतो.

उत्तररात्र:
खेळाडूंचे आकडे वेगळे ठेवायला माझी हरकत नाही, ठेवायलाच हवेत. पण तोच न्याय लावून हंकी कूपरचेही वेगळे ठेवा. बचावातही राबून मिळवलेले त्याचे यार्ड (चेंडू पुढे नेलेलं अंतर) आणि २०१३ मध्ये फक्त चढाईत खेळणाऱ्या रिसीव्हरचे यार्ड आज एकाच यादीत आहेत, त्यावर मात्र कोणी बोलत नाही. विजेतेपदाचं तसं नाही. १९९४ मध्ये ऑरलँडोला ३६–३१ हरवणारा आणि २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सला ५३–१६ हरवणारा संघ एकाच नावाने, त्याच भागातल्या प्रेक्षकांसाठी खेळला. ती मी सातच लिहिणार, प्रत्येकापुढे लीगचं नाव घालून.

मध्यरेषा:
लीगचं नाव घालणार असाल तर निम्मं भांडण मिटलं. बहुतेक ठिकाणी ते घातलेलंच नसतं, नुसता आकडा असतो. माझी हरकत त्या आकड्याला आहे आणि राहील.