मदत हवी आहे: पार्किन्सनच्या गोळीने बाबांचं वागणं बदलू शकतं का?

बाबा ७१ वर्षांचे, पार्किन्सन जुना. लेव्होडोपा आधीपासून चालू आहे. मागच्या वर्षी प्रामिपेक्सोल ही दुसरी गोळी जोडली, मग डोस वाढवला. अंगाचा ताठरपणा कमी झाला, चालणं सुधारलं, घरात सगळे खूश.

पण डोस वाढल्यापासून भलतंच सुरू झालंय. जन्मभर रोजचा जमाखर्च वहीत लिहिणारा माणूस, आणि आता कपाटात ड्रिल मशीनची तीन खोकी, दोन तर फोडलेलीसुद्धा नाहीत. कुरिअरवाला आला की आईच्या आधी हे दारात. उशीखाली लॉटरीची तिकिटं. मध्यरात्री मिक्सर खोलून स्क्रू ओळीने मांडत बसतात, अडवलं की चिडतात. आई म्हणते, म्हातारचळ. मला पटत नाही, स्मरणशक्ती अगदी चोख आहे.

मी वाचलं त्यावरून, या आजारात डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन आधी कमी होतं ते हालचाल सांभाळणाऱ्या भागात. हवंहवंसं वाटायला लावणारा भाग बराच शाबूत असतो. प्रामिपेक्सोल डोपामिनची नक्कल करते. तिचा ओढा डी३ रिसेप्टरकडे (डोपामिन जिथे चिकटतं त्या जागांचा एक प्रकार), आणि ते नेमके याच भागात भरपूर. हातापायांना पुरेल तो डोस तिथे जास्त होतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या पाहणीत अशी नक्कल करणाऱ्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्या पार्किन्सनच्या रुग्णांपैकी सुमारे १७ टक्क्यांचा जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वागण्यावरचा ताबा सुटला होता. न घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्के. आम्हाला याबद्दल आधी कुणी अवाक्षर काढलं नाही!

बाबांसमोर डॉक्टरांना हे कसं सांगायचं? डोस कमी केल्यावर कुणाकडे फरक पडलाय का?

प्रतिसाद १
ताई, आमच्या काकांचं असंच होतं, फक्त त्यांचं खाण्यावर होतं. मिठाईचा डबा रात्रीत रिकामा. पुढच्या तारखेची वाट बघू नका, आधीच फोन करून डॉक्टरांशी एकट्या बोला. काय, कधीपासून, किती पैसे, असं लिहून न्या. गोळी स्वतःहून बंद करू नका, एकदम तोडली तर घाबरं होणं, घाम, उदासी असा त्रास होतो. काकांची हळूहळू उतरवली, लेव्होडोपा थोडी वाढवली. खाणं आटोक्यात आलं, पाय मात्र पुन्हा जड झाले.

धागाकर्ती
आभारी आहे. उद्याच फोन करते. तोवर यूपीआयची मर्यादा कमी करावी म्हणते, पण बाबांना न सांगता करणं जिवावर येतंय. तुम्ही पैशांचं काय केलंत?

प्रतिसाद १
सांगूनच केलं. दोन दिवस अबोला होता.