क्लेमेंटीची सोनाटिना आणि पेटीवाल्याचा डावा हात

पेटीवाले काका, दांडिया बाजार, बडोदे

नमस्कार मंडळी. माझं वय ६४. जन्म बडोद्याचा, बँकेतून निवृत्त झालोय. चाळीस वर्षं भजनाला आणि नाट्यसंगीताला पेटीची साथ केली, अजूनही करतो. गेल्या वर्षी नात पियानो शिकायला लागली म्हणून घरात डिजिटल पियानो आला. ती शाळेत गेली की त्यावर मी बसतो.

तिच्या पुस्तकात मुत्सिओ क्लेमेंटी या इटालियन संगीतकाराची सोनाटिना, म्हणजे दोन-तीन भागांची छोटी पियानो-रचना आहे, ओपस ३६ या संचातली पहिली. तिने मला रेघांवरचे ठिपके वाचायला शिकवले, पण मी हळूच पेन्सिलीने वर सरगम लिहून घेतो. पांढरी एकचा, म्हणजे पियानोवरच्या ‘सी’ सुराचा षड्ज धरला तर सा ग सा, मग मंद्र पंचम दोनदा. पुन्हा सा ग सा, आणि या खेपेला पंचम वरचा. इतकं साधं, पण ऐकलं की दार उघडून कुणीतरी हसतमुखाने आत यावं तसं वाटतं. उजवा हात आठ दिवसांत बसला.

अडचण डाव्याची. पेटीवर डाव्या हाताचं काम भाता. चाळीस वर्षं त्याने हवा भरली, सूर कधी वाजवलाच नाही. आता पट्ट्यांवर ठेवला की चारही बोटं एकदम दाबली जातात आणि मनगट पुढे-मागे जायला बघतं. परवा नातीने माझं मनगट धरून ठेवलं, तेव्हा कुठे करंगळी एकटी खाली गेली.

दुसरी गोष्ट मनाला लागली आहे. वाचनात आलं की मोत्सार्टने क्लेमेंटीला निव्वळ यंत्र म्हटलं होतं. चव नाही, भावना नाही, असं. या वयात माझ्याकडे शिकायला फार वर्षं नाहीत. ज्याला मोत्सार्टने असं मोडीत काढलं, त्याच्यापाशी ती घालवावीत का?

राजवाडा चौक, इंदूर

काका, डाव्या हातापुरतं सांगतो, मीही पेटीवरूनच आलोय. उजवा हात मांडीवर ठेवा आणि महिनाभर डावा एकटाच वाजवा. आणि बोटं दाबून धरायची सवय सोडा. पेटीत पट्टी दाबलेली आहे तोवर सूर भरलेला राहतो, जोर भात्याचा असतो. पियानोत पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर आवाज ठरतो, आणि त्या क्षणापासून तो विरत जातो. नंतर कितीही दाबा, काही वाढत नाही. हे बोटांना पटायला मला दोन महिने लागले.

कोमल गंधार

काका, नमस्कार. मी बडोद्यात बावीस वर्षं मुलांना पियानो शिकवते आणि प्रत्येकाला ही सोनाटिना देते. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबेल.

मोत्सार्टने ते लिहिलं हे खरं. २४ डिसेंबर १७८१ रोजी व्हिएन्नात सम्राट दुसरा जोसेफ याने पाहुण्यांसमोर दोघांना एकाच संध्याकाळी वाजवायला बसवलं. आपल्याकडच्या दरबारी मुकाबल्यासारखंच. मोत्सार्ट २५ वर्षांचा, क्लेमेंटी २९ वर्षांचा. पुढच्या महिन्यात मोत्सार्टने वडिलांना पत्र लिहिलं, त्यात हे ‘यंत्र’ आलं. त्याच पत्रात क्लेमेंटीचा उजवा हात चांगला चालतो आणि दोन-दोन सूर एकदम वाजवण्याच्या ताना तो फार सफाईने घेतो, अशी कबुलीही आहे. क्लेमेंटी मात्र मोत्सार्टबद्दल आयुष्यभर आदरानेच बोलला.

आता तो तसा का वाजवत होता ते बघा. रोममध्ये एका चांदी-कारागिराच्या घरी १७५२ साली जन्म. चौदाव्या वर्षी एका श्रीमंत इंग्रजाने वडिलांशी करार करून त्याला इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात आपल्या हवेलीत नेलं. तिथे सात वर्षं खेड्यात एकटा रियाज. शेजारी ना गुरू, ना बरोबरीचं कुणी. अशा मुलाच्या हातात आधी तयारी येणार, हे कुणीही गवई सांगेल.

आणि आता जे सांगते ते तुमच्यासाठी. पुढे क्लेमेंटीने स्वतःच आपल्या एका शिष्याला सांगितलं की त्या काळी मला चमकदार ताना आणि जोडसूर यांचीच हौस होती, गाणारं वादन मला नंतर सापडलं. कसं सापडलं? नामवंत गायकांना लक्ष देऊन ऐकल्यामुळे, आणि इंग्रजी पियानो सुधारत गेले त्यामुळे. काका, गायकाच्या मागे चालायला तो पुढे शिकला. तुम्ही चाळीस वर्षं तेच करत आलात.

तुमची सोनाटिना १७९७ ची. त्या संध्याकाळनंतर सोळा वर्षांनी लिहिलेली. मोत्सार्टचा शेरा तिला लावायचाच कशाला? पहिल्या भागाच्या मधोमध जा. तीच सा ग सा प प ही ओळ परत येते, पण गंधार कोमल. एका सुराने घरातला उजेड कमी होतो. मग शुद्ध गंधार परततो तो एक सप्तक खाली, म्हणजे आता कुणी मोठं माणूस तीच गोष्ट सांगतंय. मुलं हे घाईत ओलांडतात, मी तिथे प्रत्येकाला थांबवते. माझं इथलं नावही त्याच सुरावरून घेतलंय.

डाव्या हातासाठी पहिला भाग बाजूला ठेवा, दुसरा घ्या, आंदान्ते, म्हणजे संथ चालीचा. पांढरी चारचा षड्ज. तीन मात्रा, प्रत्येक मात्रेत डाव्या हाताला तीन सूर, शांतपणे वाहत राहणारे. फक्त डावा वाजवा आणि वरची ओळ तोंडाने म्हणा. तुमचा हात सवयीने साथीला लागेल.

क्लेमेंटीच्या बाकीच्या उद्योगांविषयी लिहायला बसले तर रात्र सरेल. पियानो बनवायचा कारखाना आणि प्रकाशनाचा व्यवसाय लंडनमध्ये होता. १८०७ साली करार करून त्याने बीथोवनच्या मोठ्या रचना इंग्लंडात छापण्यासाठी घेतल्या. त्याच वर्षी कारखाना आगीत गेला, तरी व्यवसाय थांबला नाही. ‘ग्राडुस आद पारनासुम’ हा शंभर रचनांचा संग्रह त्याने १८१७ ते १८२६ या काळात तीन भागांत काढला, तेव्हा शेवटच्या भागाच्या वेळी तो ७४ वर्षांचा होता. १८३२ साली गेल्यावर त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं.

सूरसागरकाठ

काका, सरगम लिहून घेता ते खोडू नका. आपल्याच गावात गायक मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली आणि चिजा कागदावर उतरवण्याची लिपी बसवली. बडोद्याच्या माणसाने ठिपक्यांवर सा रे ग म लिहिलं तर ते आपल्या परंपरेतच आहे.

पेटीवाले काका, दांडिया बाजार, बडोदे

सगळ्यांचे आभार. कोमल गंधार ताई, तुमचं उत्तर नातीला वाचून दाखवलं. सात वर्षं एकट्याने रियाज, हे ऐकून ती म्हणाली, आजोबा, त्याला खेळायला कुणीच नव्हतं?

काल सकाळी आंदान्ते सुरू केलं. उजवा हात मांडीवर, वरची ओळ गुणगुणत. पहिल्या दोन ओळी अडखळलो. मग मी म्हणताना श्वास घ्यायला थांबलो, आणि डावा हातही थांबला. भजनात बुवा थांबले की भाता जसा आपोआप हलका होतो, तसाच. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या भागातला कोमल गंधारही वाजवला. नात स्वयंपाकघरातून विचारत होती, हे कुठलं नवीन? मी म्हटलं, नवीन नाही, तुझंच आहे, पान उलटून बघ.

आता विचारतो ते एवढंच. त्या तिहेरी गटांत करंगळीचा खालचा सूर जरा धरून ठेवायचा, की तिन्ही सारख्या वजनाचे?

कोमल गंधार

करंगळीचा किंचित जास्त, बाकीचे दोन मऊ. तंबोऱ्यात खर्जाची तार जशी खाली उभी असते ना, तेवढंच. आणि काका, शनिवारी सकाळी मी घरीच असते. नातीला घेऊन या, आमचा खरा लाकडी पियानो आहे, त्यावर वाजवून बघा.