घनफळ: आधी ओतायचं की आधी सूत्र?

मोजपट्टी

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. सहावी-सातवीत ‘लांबी × रुंदी × उंची’ फळ्यावर लिहूच नये. निदान महिनाभर तरी नाहीच. त्याआधी मुलांनी पाणी ओतावं, तांदूळ भरावेत, किती मावेल ते बोलून दाखवावं, मग मोजावं. आठवीत ‘पृष्ठफळ व घनफळ’ येतं, तोवर घाई कशाची आहे?

सूत्र पाठ असलेल्या मुलाला विचारा, या डब्यात किती पाणी मावेल? तो डब्याकडे बघतच नाही. तो आपल्याकडे बघतो: सर, लांबी सांगा ना. दहा सेंटीमीटर बाजूच्या घनात एक लीटर मावतं हे त्याच्या वहीत अधोरेखित केलेलं असतं. पण पुठ्ठ्याचा तसा खोका आणि लीटरची बाटली शेजारी ठेवा, तो बिनदिक्कत बाटलीकडे बोट दाखवतो. उंच ते जास्त. मानसशास्त्रज्ञ पियाजेने हे लहान मुलांबद्दल लिहिलं, आपण डी.एड.ला परीक्षेपुरतं वाचलं आणि सातवीपर्यंत ती खोड गेली असेल असं धरून चाललो.

एक सोपा प्रयोग देतो. ए-फोर आकाराचे दोन कागद घ्या. एक उभा गुंडाळा, एक आडवा, कडा एकावर एक न चढवता चिकटपट्टी लावा. एक नळकांडं उंच, एक बुटकं. जास्त कशात मावेल? कागद तोच, म्हणून सारखंच मावणार, असं सांगणारे हात सगळ्यात जास्त असतात. आता बुटक्याच्या आत उंच नळकांडं उभं करा, ते काठोकाठ चुरमुऱ्यांनी भरा आणि हळूच वर ओढून काढा. चुरमुरे खाली बसतात आणि 21 सेंटीमीटरच्या बुटक्या नळकांड्यात जेमतेम 15 सेंटीमीटरपर्यंत येतात. हिशोबाने उंचाचं घनफळ 1042 घन सेंटीमीटर, बुटक्याचं 1474. त्यानंतर वर्गात जो गोंधळ होतो, त्यात मला सूत्र शिकवावंसं वाटतं. त्याआधी नाही.

संध्याकाळची बॅच

महिनाभर! सर, तुमच्या शाळेला घटक चाचण्या नसतात का?

मी शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेतो. पहिल्या पेपरला 75 प्रश्न, 90 मिनिटं. भाषा धरून. एका प्रश्नाला सव्वा मिनिटाहून कमी वेळ. ‘10 मी लांब, 8 मी रुंद, 3 मी खोल टाकीत किती लीटर पाणी मावेल?’ या प्रश्नाला चुरमुरे उपयोगाचे नाहीत. 240 घनमीटर, गुणिले 1000, दोन लाख चाळीस हजार लीटर, पुढचा प्रश्न. मुलं चुकतात ती कुठे? एक मीटर म्हणजे 100 सेंटीमीटर, म्हणून एक घनमीटर म्हणजे 100 लीटर, असं ठोकून देतात. याला उपाय सराव. ओतून हे सुधारत नाही, कारण एक घनमीटर पाणी कुठल्या वर्गात ओतणार आहात?

आणि सूत्र काढलंच कशासाठी? ओतायला लागू नये म्हणून. विहीर बांधणारा आधी विहीर भरून बघत नाही.

दुसरं असं, की तुमच्या प्रयोगात सूत्र खोटं ठरतं. मुलांनी बनवलेल्या खोक्याची प्रत्येक बाजू नुसती एक मिलिमीटर जास्त झाली तरी 10.1 × 10.1 × 10.1 म्हणजे 1030. तीस मिलिलीटरचा फरक. त्यात पुठ्ठा फुगतो, पाण्यासाठी आत लावलेल्या पिशवीला सुरकुत्या पडतात, थोडं पाणी सांडतं. शेवटी पोरगं म्हणतं, सर, सूत्राने हजार येतंय पण खरं साडेनऊशेच मावलं. आता बसा समजावत.

सातवी-बची आई

मला फक्त एवढंच विचारायचंय की हा खोका कोण बनवणार? कारण ‘प्रोजेक्ट’ हा शब्द वर्गात तीन वाजता उच्चारला जातो आणि घरी रात्री साडेदहाला आम्हाला कळतो. मग थर्माकोल मी कापते, कडा हे चिकटवतात आणि अनुभव मुलाला मिळाला असं वहीत लिहिलं जातं.

मोजपट्टी

ताई, खोका वर्गातच बनवायचा, आणि तो वाकडाच व्हायला हवा. बॅचवाल्या सरांना ज्या तीस मिलिलीटरची लाज वाटते, मला तेच हवेत. एका बाजूत शंभरात एकाची चूक, घनफळात शंभरात तिनाची. ती तिप्पट कशी झाली, हा प्रश्न सातवीतल्या मुलाला पडला तर तुमच्या 75 प्रश्नांपेक्षा मला तो मोठा वाटतो. सूत्र खोटं ठरत नाही हो, पट्टी कशी लावली ते उघडं पडतं.

आणि बटाट्याचं सूत्र सांगता का? बटाटा मोजपात्रात टाकून पाणी किती चढलं हेच बघावं लागतं. तिथे लांबी-रुंदीवाला मुलगा हात टेकतो.

ठोकळेबाई

मी प्राथमिकमधून आता सहावी ते आठवीला आले आहे, आणि मला दोघांचंही पटत नाही. सूत्राची घाई चूक, हे मान्य. पण मोजपट्टी सर, पाणी ओतून मुलं जे शिकतात ते मोजपात्रावरची रेघ वाचणं. 650 मिलिलीटर. बरं. या 650 चा लांबी-रुंदी-उंचीशी काय संबंध, ते पाणी सांगत नाही. पाणी अखंड असतं, त्यात मोजायला काही नसतं. घनफळ म्हणजे शेवटी मोजणीच आहे: एकेक सेंटीमीटरचे किती घन बसले.

माझ्या वर्गात 3 × 4 × 5 च्या ठोकळ्याचं चित्र काढलं आणि लहान घन किती असं विचारलं की 60 हे उत्तर हमखास अल्पमतात असतं. सगळ्यात लाडकं उत्तर 47. दिसणाऱ्या तीन बाजूंवरचे चौकोन मोजले: 12, 15, 20. जी जरा हुशार ती मागच्या बाजूही धरतात, मग 94. पृष्ठफळ काढलं त्यांनी, आणि तेही बरोबर! कोपऱ्यावरचा एकच घन तीन वेळा मोजला गेलाय आणि पोटातले घन मोजलेच नाहीत, हे त्यांना पाण्याच्या कुठल्याही बादलीतून कळणार नाही. त्यासाठी घन हातात घेऊन थर लावावे लागतात. एका थरात 12, असे 5 थर. ‘थर’ हा शब्द मुलाच्या तोंडी आला की पाया × उंची आलंच. पुढे वृत्तचितीलाही, म्हणजे नळकांड्यालाही, तेच चालतं.

ज्या शाळेत एकक-दशक-शतक-हजाराचे ठोकळे आहेत आणि एककाचा ठोकळा एक सेंटीमीटरचा आहे, तिथे हजाराचा ठोकळा म्हणजे बरोबर एक लीटरचा आकार. आपण तो तिसरीत संख्याज्ञानाला काढतो आणि नंतर कपाटात कुलूपबंद करतो. सातवीत परत काढा. मग ओता.

संध्याकाळची बॅच

बाई, हे पटलं. म्हणजे सूत्राचं कारण थरांतून सांगायचं, यात पाणी कुठेच नाही. मी फळ्यावर थर काढून पाच मिनिटांत सांगतो.

ठोकळेबाई

फळ्यावर काढलं की तेच चित्र झालं ना सर. 47 चित्रामुळेच येतं.

अधोली

आमच्या लहानपणी घरात निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर अशी धान्याच्या मापांची उतरंडच होती. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सूत्र कुणाला येत नव्हतं, पण मुठीत किती धान्य आलं ते आजी न मोजता सांगायची. तेव्हा मोजपट्टी सरांना माझा पाठिंबा. मात्र माप शिगेचं की सपाट यावरून जी भांडणं व्हायची, तीही आठवतात.

ब्रासवाला

बांधकामात आयुष्य गेलं, म्हणून नोकरीवर घेतलेल्या पोरांबद्दल बोलतो. सूत्र सगळ्यांना येतं. कुठलं सूत्र कुठे लावायचं ते येत नाही.

शेततळं घ्या. वर 30 मीटर बाय 30 मीटर, खोली 3 मीटर. पोरगं मोबाइल काढतं, 2700 घनमीटर सांगतं आणि मोकळं होतं. अरे, तळ्याच्या भिंती सरळ उभ्या असतात का? माती ढासळेल. दर मीटर खोलीला एक मीटर आत असा उतार धरला तर तळ 24 बाय 24 चा. खरं घनफळ 2196. सरळ गुणाकाराने 504 घनमीटर म्हणजे पाच लाख लीटर हवेतलं पाणी धरलंस तू. याचं नेमकं सूत्र सातवीत शिकवायची गरज नाही. मधल्या उंचीवरचा चौरस घ्या: 27 × 27 × 3 = 2187. फरक नऊ घनमीटरचा. आधी डोळ्याने बघितलं असतं तर एवढं सातवीतल्या पोराला जमतं.

वाळूचंही तसंच. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. ट्रॉली आतून 10 फूट, 5 फूट, फाळका (बाजूची फळी) 2 फूट, झाली एक ब्रास. पण वाळू किंचित ओलसर असेल तर ती फुगते, कोरडीपेक्षा पाव हिश्श्यानेसुद्धा. ट्रॉली भरलेली, सूत्र बरोबर, आणि वाळू कमी. हे ओतूनही कळत नाही आणि थर लावूनही नाही. त्यामुळे आधी काय या वादात मला रस नाही. मुलांना शाळेबाहेरच्या टाक्या, ट्रॉल्या, विहिरी मोजायला लावा, एवढंच म्हणणं.

पेपरमधलंही वाचायला लावा. पावसाळ्यात रोज टीएमसी आणि क्युसेक येतं, पण मोठ्यांनाही ते डोळ्यांसमोर आणता येत नाही. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ब्रासमध्ये किती झाले, काढा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सव्वाअठ्ठावीस लीटरच्या आसपास. धरणातून 50 हजार क्युसेक सोडलं म्हणजे दर सेकंदाला 500 ब्रास पाणी. वर सांगितलेल्या ट्रॉलीसारख्या पाचशे ट्रॉल्या, सेकंदाला.

नापास भौतिक

वादात थोडं तेल. लीटर म्हणजे 1000 घन सेंटीमीटर हे नेहमीच खरं नव्हतं! 1901 मध्ये लीटरची व्याख्या बदलून ‘एक किलो शुद्ध पाण्याचं, त्याची घनता सर्वांत जास्त असताना होणारं आकारमान’ अशी केली. मग लक्षात आलं की ते 1000.028 घन सेंटीमीटर भरतं. 1964 मध्ये ही व्याख्या सोडून दिली आणि लीटर पुन्हा एक घन डेसिमीटर झाला. म्हणजे 63 वर्षं जगात ओतून ठरवलेला लीटर होता. हजार लीटरच्या टाकीत फरक 28 मिलिलीटरचा, पण होता.

संध्याकाळची बॅच

बघा मोजपट्टी सर. शेवटी 1964 ला लांबी × रुंदी × उंचीच जिंकली.

मोजपट्टी

63 वर्षं ओतल्यावर! मी तर एक महिनाच मागतोय.

ठोकळेबाई, तुमचा 47 चा मुद्दा मी खिशात घातला, पण पाण्याशिवाय भागत नाही. ठोकळ्यांनी भरलेला खोका आणि पाण्याने भरलेला खोका हे दोन वेगळे धडे वाटतात मुलांना. एक गणिताच्या तासाचा, एक विज्ञानाच्या. गाडीवाल्या मुलांना विचारा. स्प्लेंडर 97 सीसीची आहे हे प्रत्येकाला माहीत. ते 97 कशाचे, हे शंभरात एखाद्याला. सिलिंडरचा आतला व्यास 50 मिमी, पिस्टनची धाव 49.5 मिमी. वृत्तचितीचं सूत्र लावलं की 97.2 घन सेंटीमीटर, म्हणजेच सीसी. एवढंच पाणी मोजपात्रात घेऊन दाखवा. अर्धा पेलासुद्धा भरत नाही. एवढ्यात दोघं जण घाट चढतात, याचा मुलांना जो धक्का बसतो तो ठोकळ्यांनी बसत नाही.

सातवी-बची आई

हे माझ्या मुलाला आवडेल. पण मग कुकरचंही सांगा. पाच लीटरचा कुकर म्हणजे पाच लीटर मावतं, पाच लीटर भरायचं नाही. दोन-तृतीयांशाच्या वर गेलात तर शिटीतून डाळ. आणि तेलाच्या लीटरच्या पिशवीवर 910 ग्रॅम लिहिलेलं असतं, त्यावरून घरात दर महिन्याला वाद होतो की 90 ग्रॅम कुठे गेले.

ठोकळेबाई

ताई, हे उदाहरण उद्या वर्गात. पिशवी आणा, मी तराजू आणते. लीटर आणि किलो एकच, हा समज पाण्यामुळे होतो. फक्त पाणीच ओतत राहिलो तर तो पक्का होणार, मोजपट्टी सर! तेल ओता, तांदूळ ओता.

संध्याकाळची बॅच

सगळं ओता, पण जानेवारीच्या आत उरका. आणि ब्रासवाले काका, तुमचा टीएमसीचा प्रश्न उचलला. उद्या बॅचला टाकतो: 1 टीएमसी पाणी म्हणजे किती ब्रास? (अ) 1 लाख (ब) 10 लाख (क) 1 कोटी (ड) 10 कोटी. वेळ एक मिनिट.

ब्रासवाला

टाका. खाली जोडप्रश्न द्या: कोयनेचं धरण 105 टीएमसीचं, मग तिथे किती ब्रास? पण पर्याय काढून टाका की राव, पर्याय दिले की पोरं शून्यं मोजतात, पाणी नाही.

संध्याकाळची बॅच

पर्याय काढले तर तपासायचं कोणी, तुम्ही?