प्रतिसाद : बंडल 'इन्स्टॉल्ड'वरच का अडकतं?

ओएसजीआय म्हणजे जावा प्रोग्रॅम सुट्या भागांतून, अर्थात बंडलांतून, उभारण्याची पद्धत. लागणारी जार (जावा कोडची फाइल) कंटेनरमध्ये, म्हणजे बंडलं चालवणाऱ्या प्रणालीत आहे, तरी बंडल 'इन्स्टॉल्ड'वरून पुढे 'रिझॉल्व्ड' (सगळ्या गरजा जुळलेलं) होत नाही, हा प्रश्न तिथे नेहमीचा आहे. जार असून भागत नाही. तिच्या मॅनिफेस्टमध्ये (जारमधल्या माहितीच्या फाइलमध्ये) तुम्हाला लागणारं पॅकेज, म्हणजे क्लासचा गट, एक्स्पोर्ट केलेलं (इतरांसाठी खुलं) हवं आणि त्याची आवृत्ती तुमच्या इम्पोर्टच्या, म्हणजे तुमच्या मागणीच्या, मर्यादेत बसायला हवी. [१.२,२.०) लिहिलं तर १.९ चालते, २.० नाही. नुसतं १.२ लिहिलं तर मात्र १.२ पासून पुढची कुठलीही चालते; बरेच घोळ इथेच होतात.

आवृत्त्या जुळूनही अडलं तर 'युझेस' तपासा; एक्स्पोर्ट केलेलं पॅकेज आणखी कोणती पॅकेजं वापरतं, याची ती नोंद. समजा, तुमचं बंडल लॉगिंगच्या १.७ ला जोडलं जातंय, पण तुम्ही वापरता ते दुसरं बंडल २.० ला जोडलेलं आहे आणि त्याच्या एक्स्पोर्टवर युझेसमध्ये तेच लॉगिंग पॅकेज आहे. मग एकाच क्लासच्या दोन प्रती समोर येतील, म्हणून रिझॉल्व्हर (जोडण्या जुळवणारा भाग) नकार देतो. तो नकार योग्यच आहे. दोन्हींच्या मर्यादा एकाच आवृत्तीवर आणा.

सुटत नाही म्हणून इम्पोर्ट 'ऑप्शनल' (नसलं तरी चालेल असं) करू नका. बंडल सुरू होईल, पण तो क्लास लागताच नोक्लासडेफफाउंडएरर (क्लास सापडला नाही, अशी एरर) येईल.

आणि बंडलाच्या अपडेटनंतर रिफ्रेश करून जोडण्या नव्याने जुळवून घ्याच, नाहीतर जुनी जोडणी तशीच राहते. कराफ या ओएसजीआय कंटेनरमध्ये 'बंडल:डायग' ही कमांड नेमकं काय अडलंय ते दाखवते.