मदत हवी आहे: एजंट सारखं चुकीचंच टूल उचलतोय

नमस्कार मंडळी. आमच्या एआय एजंटला (टूल्स वापरून स्वतः कामं करणाऱ्या भाषा मॉडेलला) एमसीपी सर्व्हरवरून (मॉडेलला बाहेरची टूल्स ठरावीक पद्धतीने जोडून देणारा प्रोग्राम) 14 टूल्स, म्हणजे त्याला वापरता येणारी फंक्शन्स, दिली आहेत. त्यातली 'गेट ऑर्डर' आणि 'सर्च ऑर्डर्स' ही दोन डोकं खातात. पहिल्याला नेमका ऑर्डर क्रमांक लागतो, दुसरं ग्राहकाच्या नावावरून शोधतं. वर्णनं मीच लिहिली होती: 'ऑर्डरची माहिती देते' आणि 'ऑर्डर शोधते'. आता वाचताना कळतं, यावरून नवीन माणसालाही फरक कळला नसता, मग मॉडेलला कुठून कळणार? ते बिचारं कोड बघत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा (टूलला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची त्याचा आराखडा) एवढंच त्याच्या हाती.

तारखेचा घोळ मात्र सुटला. '03/04' म्हणजे मार्च की एप्रिल, हे एजंट दर वेळी वेगळं धरायचा. पॅरामीटरच्या वर्णनात 'वर्ष-महिना-दिवस, उदा. 2025-04-03' असं लिहिलं आणि तो ताळ्यावर आला.

आता अडलंय ते इथे: 'क्रमांक माहीत नसेल तर हे वापरू नका, आधी सर्च ऑर्डर्स वापरा' असं 'गेट ऑर्डर'च्या वर्णनातच लिहावं, की सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये (एजंटला सुरुवातीलाच दिलेल्या एकंदर सूचनांमध्ये)? वर्णनं लांबली की प्रत्येक विनंतीत टोकन (मॉडेल वाचतं ते मजकुराचे छोटे तुकडे) वाढतात, तीही काळजी आहे. की दोन्ही टूल्स एकत्रच करावीत? कुणी हे करून पाहिलं असेल तर तुमचं एखादं वर्णन जसंच्या तसं टाकाल का?