मदत हवी आहे: डच महापौरांनी खुर्ची कधी सोडायला हवी होती?

जर्मनीच्या ताब्यातल्या नेदरलँड्सवर लेख लिहितेय. मे १९४० मध्ये राणी आणि मंत्रिमंडळ लंडनला गेलं; खात्यांचे सचिव आणि बहुतेक महापौर मात्र कामावर राहिले. १९४१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी शहराचा नकाशा केला, त्यात एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. तो पाहिल्यापासून ‘नाइलाज होता’ हे उत्तर मला पटत नाही.

डच सरकारने १९३७ मध्येच अधिकाऱ्यांना सूचना दिल्या होत्या: लोकांचं हित होतंय तोवर थांबा, शत्रूचाच फायदा जास्त होऊ लागला की पायउतार व्हा. इंग्रजी पुस्तकांत मला फक्त सारांश मिळाला, डच वाचता येत नाही. व्हिशी फ्रान्सचे (जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या फ्रेंच राजवटीचे) दाखले नकोत, तिथे सरकारच देशात होतं. युद्धानंतरच्या चौकशीत महापौरांनी ही रेषा ओलांडली की नाही, हे नेमक्या कोणत्या कसोटीवर ठरवलं गेलं?