वेल्स गुणांकनातील ‘उणे दोन’ नेमके कधी द्यावेत?

प्रश्न
मी वैद्यकशास्त्राच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षात आहे. ५८ वर्षांच्या एका रुग्णाची पाच आठवड्यांपूर्वी संपूर्ण भूल देऊन पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. आता त्यांची डावी पोटरी सुजली असून दाबल्यावर खड्डा पडतो आणि त्वचा थोडी लालसर दिसते. उजव्या पोटरीपेक्षा घेर ३.५ सेंमीने जास्त भरला. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता ठरवणाऱ्या वेल्स गुणांकनात शस्त्रक्रिया, घेर आणि खड्डा पडणारी सूज यांचे मी प्रत्येकी एक असे ३ गुण धरले. वरिष्ठांच्या मते हा त्वचेचा जंतुसंसर्गही असू शकतो, म्हणून २ वजा करून १ गुण धरावा आणि आधी डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात वाढणारा घटक) पाहावे. हे योग्य आहे का?

प्रतिसाद १
उणे दोनच्या निकषाचे शब्द ‘दुसरे निदान शक्य आहे’ असे नाहीत. ते निदान खोल शिरेतील गुठळीइतकेच किंवा त्याहून अधिक संभाव्य असले पाहिजे. सुजलेल्या पायाला दुसरे काही कारण जवळजवळ नेहमीच सुचते, त्यामुळे ‘असू शकतो’ एवढ्यावर २ गुण वजा करू लागलो तर खरी गुठळी असलेले रुग्णही खालच्या गटात जातील. ताप, लालीची स्पष्ट व पसरत जाणारी कड, जंतूंना वाट देणारी जखम किंवा बोटांमधील भेगा यांपैकी काय आढळले, हे आपण लिहिलेले नाही. यांतले काहीच नसेल तर मी वजाबाकी करणार नाही.
शिवाय १ गुणाचा अर्थही आवृत्तीनुसार बदलतो. १९९७ च्या तीन गटांच्या पद्धतीत १ ते २ म्हणजे मध्यम शक्यता. २००३ च्या सुधारित पद्धतीत, जिच्यात पूर्वी झालेल्या गुठळीचाही एक गुण आहे, २ किंवा अधिक म्हणजे ‘शक्यता आहे’ आणि त्याखाली ‘शक्यता कमी’. केसपेपरवर नुसता आकडा न लिहिता कोणती पद्धत वापरली तेही लिहावे.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे. घेर कुठे मोजला? गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या १० सेंमी खाली दोन्ही पायांवर खूण करून टेपने मोजावे. गुण मिळण्यासाठी फरक किमान ३ सेंमी लागतो. अंदाजाने ‘पोटरीचा सर्वांत जाड भाग’ मोजणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.
डी-डायमरची खरी उपयुक्तता कमी शक्यतेच्या रुग्णात गुठळी नाकारण्यासाठी आहे. अलीकडची शस्त्रक्रिया आणि जंतुसंसर्ग या दोन्हींमुळे ते वाढते, म्हणजे वरिष्ठांची शंका खरी ठरली तरी तपासणी सकारात्मकच येण्याचा संभव मोठा आणि शेवटी डॉप्लर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करावाच लागेल. पन्नाशीपुढे वयाला दहाने गुणून येणारी मर्यादा (इथे ५८०) काही ठिकाणी वापरतात, पण ती एफईयू (फायब्रिनोजेन-तुल्य) एककात, मायक्रोग्रॅम प्रतिलिटरमध्ये असते. प्रयोगशाळेचे एकक पाहिल्याशिवाय ती लावू नये.

प्रतिसाद ३
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: गर्भवतींमध्ये या गुणांकनावर विसंबू नये, कारण ते त्यांच्यासाठी पडताळलेले नाही. आणि पाऊल वर वळवून पोटरी दुखते का, हे पाहण्याची होमन्सची जुनी चाचणी या निकषांत नाही, ते योग्यच आहे. ती दोन्ही बाजूंनी फसवते: गुठळी असताना दुखत नाही आणि नसताना दुखते, असे होऊ शकते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. खूण करून पुन्हा मोजले, तेव्हा फरक २.५ सेंमीच निघाला, म्हणजे तो गुण गेला. ताप नाही, लालीला कड नाही आणि त्वचेवर कुठे जखमही नाही, हे वरिष्ठांना दाखवल्यावर वजाबाकी न करण्याचे त्यांनीही मान्य केले. त्यामुळे २ गुण, म्हणजे ‘शक्यता आहे’, आणि थेट डॉप्लर. मांडीच्या व गुडघ्यामागच्या शिरा मोकळ्या आढळल्या. त्यानंतर केलेले डी-डायमर मात्र वाढलेले आहे, म्हणून पोटरीतली लहान गुठळी वर सरकत नाही ना, हे पाहण्यासाठी आठवड्याने डॉप्लर पुन्हा करण्याचे ठरले आहे.